रेघेपलीकडचा केरू

हिरवेवाडीच्या कबड्डी मंडळाच्या भिंतीवर आठ फोटो होते आणि त्यातले तीन एकट्या अध्यक्ष भाऊसाहेब रणनवऱ्यांचे. सगळे चढाई करतानाचे. नवव्या फोटोसाठी डाव्या कोपऱ्यावर चोवीस वर्षं खेळलेल्या केरू घोलपचं नाव सभेत निघालं, तसे भाऊसाहेब उसळले.

“चोवीस वर्षं ह्यानं केलं काय? आलेल्याचे पाय धरले! त्याचा कुठं फोटो लावतात होय?”

मैदानावर चुन्याच्या फक्कीनं रेघा मारणाऱ्या हौसामावशीचं डोकं फिरलं. तिनं चालू सभेत भिंतीसमोर एक रेघ ओढली आणि केरूला पलीकडे उभं केलं.

“भाऊसाहेब, भिंतीला नुसता हात लावून या. लावलात, तर फोटोचं नाव काढणार नाही.”

“एवढंच?” भाऊसाहेबांनी धोतर खोचलं, मांडी थोपटली आणि “कबड्डी कबड्डी” करत रेघ ओलांडली. पन्नाशीचा केरू नुसता गुडघ्यात वाकला. एकेकाळी सरावात रोज त्याच्या पकडीत सापडलेला भाऊसाहेबांचा उजवा पाय मालकाला न विचारताच रेघेमागे आला.

सभा हसून हसून लोळायला लागली.

“तोंड नाही म्हणतंय,” मावशी म्हणाली, “पण पायानं मत दिलं की!”

भाऊसाहेबांनाही हसू फुटलं. “आणा तो फोटो, मीच लावतो!” त्यांनी हातोडी उचलली, रेघेपाशी आले आणि थबकले.

“पण आधी ह्याला बाजूला घ्या!”