लावीचं अंडं आणि मोडकी वई

एक होती लावी. मुठीत मावेल एवढी. मातीच्या रंगाची पाखरी. ती राहायची चंद्राकाकीच्या परसात, वईच्या आत.

वई म्हणजे काय? जमिनीत मेढी रोवायच्या. निर्गुडीच्या काठ्या घ्यायच्या. मेढींतून विणायच्या. आत-बाहेर, आत-बाहेर. झालं कुंपण! कोणी त्याला कूड म्हणतं. चंद्राकाकी म्हणायची वई.

एकदा काय झालं, वईला पडलं भगदाड. भगदाडातून आलं मुंगूस. सरसर सरसर! त्यानं लावीची अंडी खाल्ली. कट्ट! कट्ट! लावी ओरडली. खूप ओरडली. मुंगसाचं पोट भरलं. ते म्हणालं, "उरलेलं संध्याकाळी." आणि करवंदीच्या जाळीत जाऊन निजलं.

उरलं एकच अंडं.

लावीनं त्यावर पाचोळा ओढला. मग निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

चंद्राकाकी अंगणात शेंगा सोलत होती.

"काकी काकी, वई विण!
माझ्या अंड्याला कोणी राखीना!"

काकी म्हणाली, "अगं बाई, काठीच नाही, विणू कशानं? निर्गुडी काठी देईल, तर विणीन."

लावी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु.

"निर्गुडी निर्गुडी, काठी दे!
काकी वई विणीना,
माझ्या अंड्याला कोणी राखीना!"

निर्गुडी म्हणाली, "ओढून मोडलं की साल सोलून निघते. फार दुखतं गं. कोयता तोडील, तर देईन."

लावी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. ऊन कललं.

"कोयत्या कोयत्या, काठी तोड!
निर्गुडी काठी देईना,
काकी वई विणीना,
माझ्या अंड्याला कोणी राखीना!"

कोयता म्हणाला, "बघ माझ्याकडे, गंजलोय. दगड घासेल, तर तोडीन."

लावी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. जाळीत मुंगूस जागं झालं.

"दगडा दगडा, कोयता घास!
कोयता काठी तोडीना,
निर्गुडी काठी देईना,
काकी वई विणीना,
माझ्या अंड्याला कोणी राखीना!"

दगड म्हणाला, "कोरडा कसा घासू? पाट भिजवील, तर घासीन."

लावी निघाली. तुरुतुरु तुरुतुरु. पाय दुखले. मुंगसानं अंग झाडलं. मिशा चाटल्या.

"पाटा पाटा, दगड भिजव!
दगड कोयता घासेना,
कोयता काठी तोडीना,
निर्गुडी काठी देईना,
काकी वई विणीना,
माझ्या अंड्याला कोणी राखीना!"

पाट म्हणाला, "माझी वाट चिखलानं बुजली. खेकडी उकरील, तर वाहीन."

लावी निघाली. आता तुरुतुरु नाही. लंगडत, लंगडत. सावल्या लांब झाल्या. मुंगूस चालू लागलं.

"खेकडीताई खेकडीताई, चिखल उकर!
पाट दगड भिजवीना,
दगड कोयता घासेना,
कोयता काठी तोडीना,
निर्गुडी काठी देईना,
काकी वई विणीना,
माझ्या अंड्याला कोणी राखीना!"

खेकडी बिळाच्या तोंडाशी बसली होती. तिच्या पोटाखाली तिची पिल्लं होती. इवलीइवली, चिकटलेली.

खेकडी म्हणाली, "किती उरली गं?"

लावी म्हणाली, "एक."

खेकडीनं पिल्लं पोटाशी घट्ट धरली. नांग्या उचलल्या.

खेकडी चिखल उकरू लागली. खर्र खर्र!
पाट वाहू लागला. खळखळ खळखळ!
दगड भिजला, कोयता घासू लागला. घस्स घस्स!
कोयता काठ्या तोडू लागला. खच्च खच्च!
निर्गुडीनं डोळे मिटले आणि काठ्या दिल्या.
काकी पदर खोचून धावली. "आले गं बाई, आले!" वई विणू लागली. आत-बाहेर, आत-बाहेर. हाताला ओरखडे आले. काकी थांबली नाही.

लावी लंगडत आत शिरली, अंड्यावर बसली. शेवटची काठी आत गेली, आणि मुंगूस आलं.

सरसर सरसर!

त्यानं वई हुंगली. इकडून ढकलली. तिकडून ढकलली. वई हलली नाही. मुंगसानं काठ्यांमधून आत पाहिलं. लाल लाल डोळे! लावीनं पण त्याच्याकडे पाहिलं. ती जागची उठली नाही.

मुंगूस गेलं. उपाशी गेलं.

लावी अंड्यावर बसून राहिली. शेजारची जागा रिकामी होती. तिथंही तिनं पंख पसरला.

मग एका सकाळी, टिच्च! अंडं तडकलं. आतून आली चोच. मग डोकं. मग ओलं ओलं पिल्लू.

"आई, गार वाजतंय."

"ये," लावी म्हणाली, आणि तिनं त्याला पोटाखाली घेतलं.

लावी निजली, पिल्लू निजलं. आता तुम्हीही निजा.