बसका आलेख

“आलेख एवढा देखणा आलाय बाई, मग फ्लोराइड पुढं का सरकत नाही?”

शार्दूल खटावकरनं कागद टेबलावर ठेवला. क्ष-किरणांचा आलेख, सुईसारखी टोकदार शिखरं.

मणेरबाईंनी चष्मा वर सरकवला. घन पदार्थांतून फ्लोराइडसारखे आयन कसे वाहतात हे शिकवण्यात त्यांची तीस वर्षं गेली होती. शार्दूल त्यांचा सर्वांत हुशार विद्यार्थी. हे बाईंना ठाऊक होतं. शार्दूलला जरा जास्तच.

“पूड भट्टीत घातलीस?”

“सहाशे अंशांवर. बारा तास.”

“का रे?”

त्यानं टेबलावरचा कागद उगाच सरळ केला.

बेरियम फ्लोराइड आणि कॅल्शियम फ्लोराइड. एकत्र वितळवून गार केले तरी वेगळे होणारे दोन क्षार. शार्दूलनं ते बॉल मिलच्या गरगर फिरणाऱ्या डब्यात, झिर्कोनियाच्या टणक गोळ्यांखाली पंधरा तास कुटले होते. मार खाऊन खाऊन ते एकजीव झाले. एकट्या बेरियमच्या किंवा एकट्या कॅल्शियमच्या क्षारात रेंगाळणारा फ्लोराइड त्या पुडीतून सुसाट धावला.

पण तिचा आलेख निघाला बसका, पसरट, माळावरच्या टेकाडांसारखा. आठ दिवसांवर परिषद आलेली. असला आलेख पडद्यावर पाहून लोक हसतील, असं त्याच्या मनानं घेतलं. कुणाला न विचारता त्यानं होती नव्हती ती सगळी पूड भट्टीत ठेवली.

“जरा... नीटनेटकी दिसावी म्हणून.”

बाईंनी त्याच्या हातात पेन्सिल दिली.

“कुठलं शिखर कुठल्या क्षाराचं, नावं लिही.”

सोपं काम. पहिल्यावर त्यानं लिहिलं, बेरियम. दुसऱ्यावर कॅल्शियम. तिसऱ्यावर पुन्हा बेरियम. पाचव्या शिखराशी त्याचा हात थांबला.

भट्टीत दोन्ही क्षार वेगळे होऊन आपापल्या घरी परतले होते.

“सगळी वाया घालवली मी, बाई.” त्याचे कान लाल झाले. “परिषदेत आता काय दाखवू?”

बाई उठल्या. मिलचा रिकामा डबा आणला, पदरानं नव्हे, चांगला स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला, आणि कुपीतली पूड त्यात उपडी केली.

“हीच?”

“हीच.”

“पण ही तर बिघडलीय.”

“कुटायच्या आधी कशी होती?”

“अशीच. वेगवेगळी,” शार्दूल म्हणाला. मग त्यानं एकेक करून गोळ्या आत सोडल्या, झाकण आवळलं. मिल घरघरू लागली. मधूनमधून ती निवायला थांबे, पुन्हा फिरे. तो दोन दिवस तिच्या शेजारीच वाचत बसला. त्याला कंटाळा आला नाही, याचं त्यालाच नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी त्यानं पूड दाबून तिची चपटी टिकली केली, तिच्यातलं वहन मोजलं. फ्लोराइड पुन्हा धावत होता. आलेख पुन्हा तसाच, बसका. या खेपेला त्यानं तो भाषणाच्या पहिल्याच पानावर लावला आणि बाईंना दाखवायला नेला.

बाईंनी तो चष्म्याजवळ धरला. त्यांच्या चेहऱ्यावर समाधान होतं.

“बाई, आता यातला बेरियम कुठला आणि कॅल्शियम कुठला... हे ओळखता येईल का?”

“त्यांनाच आठवत नाही बाळा, तर आपण कशाला आठवण करून द्यायची?”