कुड्यांच्या नहाणाची कहाणी

शुक्रवारच्या देवी, ऐक बाई तुझी कहाणी. नगर होतं आटपाट, तिथं एक नगरशेठ होता. त्याच्या सुनेचं नाव गोदा. सासू खाटेला खिळली, तशी तिनं गोदेला जवळ बोलावलं, आपल्या कानांतल्या हिऱ्यांच्या कुड्या काढल्या. एकेकीत सात सात हिरे. सुनेच्या ओंजळीत ठेवल्या नि म्हणाली, "मुली, ह्यांच्याबरोबर एक वसा देते, तो घे."

"कसला वसा तो मला सांगा."

"दर शुक्रवारी कुड्यांना नहाण घालावं. वाटीत कोमट पाणी घ्यावं, रिठ्याचा फेस करावा, कुड्या घडीभर त्यात ठेवाव्या. हिऱ्यामागं तेलगंध साचतं, ते मऊ कुंचलीनं हलकेच झाडावं. राखेनं घासूं नये, मोरीवर धरूं नये. मलमलीनं टिपाव्या, खडे मोजावे, सैल कुठला ते बोटानं बघावं. पाणी फडक्यातून गाळून मगच टाकावं. हे सगळं आपल्या हातानं करावं."

"उद्यापन कधी करूं?"

"ह्याला उद्यापन नाही. हिरे आहेत तोवर वसा आहे."

सासू गेली. गोदेनं पहिला शुक्रवार पाळला, दुसरा पाळला, तिसरा पाळला. मग कंटाळली. आज सण आहे, उद्या पाहुणे आहेत, परवा बघूं. कुड्या मळल्या, हिरे आंधळे झाले.

एका शुक्रवारी राणीकडून हळदीकुंकवाचं बोलावणं आलं. गोदेनं कुड्या काढल्या, तर त्यांत तेज नाही. आता रिठे कोण भिजवणार? चुलीतली राख घेतली, मोरीवर बसली, खसाखसा घासल्या, तांब्यानं पाणी ओतलं. खडे मोजले नाहीत. तशाच कानांत घातल्या नि गेली. राणीनं कुंकू लावायला हात पुढं केला, तो थांबला. "अगबाई, गोदाबाई, कुडीतला एक हिरा कुठं गेला?" साऱ्या बायकांनी वळून पाहिलं. गोदेला धरणी पोटात घेईल तर बरं, असं झालं.

ती घरी आली. घरात धुरपा नावाची जुनी दासी होती. गोदा आठ वर्षांची सून होऊन आली, माहेरासाठी रडूं लागली, तेव्हा हिनंच तिला मांडीवर निजवलं होतं. गोदेनं विचारलं, "धुरपे, माझ्या खोलीत कोण आलं होतं?"

"मीच, बाई. केर काढाया."

"हिरा कुठाय?"

धुरपा म्हणाली, "देवीची आण, म्यां न्हाई घेतला." दुसऱ्यांदा विचारलं, तर म्हणाली, "तुमची आण, म्यां न्हाई घेतला." तिसऱ्यांदा विचारलं, तेव्हा ती नुसती गोदेकडं बघत राहिली. गोदेला राख आठवली, मोरी आठवली. पण दारात शेजारणी उभ्या होत्या, सासरे उभे होते. ती गप्प राहिली. सासऱ्यांनी धुरपेला हाकलून दिलं. नेसत्या लुगड्यानिशी म्हातारी निघून गेली.

मग गोदेला अन्न गोड लागेना, कुणाशी बोलवेना. देवीला दया आली. तिनं म्हातारीचं सोंग घेतलं, भर दुपारी दारात येऊन बसली. "मुली, अशी का सुकलीस?" गोदेनं कधी कुणाला सांगितलं नव्हतं ते सांगितलं. म्हातारी म्हणाली, "कुड्यांचं पाणी कुठं टाकलंस?" "मोरीत." "मग मोरी उपस. आपल्या हातानं उपस." एवढं बोलून दिसेनाशी झाली.

गोदेनं पदर खोचला. पहिल्या दिवशी चिखल निघाला, दुसऱ्या दिवशी केसांचे गुंते निघाले. तिसऱ्या दिवशी गाळ फडक्यातून गाळला, तर हिरा हाताला लागला. तो मुठीत धरून ती तिथंच बसून रडली.

मग ती धुरपेला शोधायला निघाली. एक गाव पाहिलं, दुसरं पाहिलं, तिसऱ्या गावी धुरपा भेटली. लोकांच्या शेण्या थापत होती. लोक शेण्या थापून घेत, पण चोर म्हणून घरात घेत नसत. गोदेनं तिचे पाय धरले. "धुरपाबाई, हिरा मोरीत सापडला. घरी चला."

धुरपेनं हातांचं शेण पुसलं. म्हणाली, "सापडला, बरं झालं. आन् सापडला नसता, तर आला असता का, बाई?"

गोदा खाली मान घालून परतली. थेट राजवाड्यात गेली. राणी होती, बायका होत्या. सगळ्यांदेखत म्हणाली, "राख मी लावली, खडा मी पाडला, ठाऊक असून गप्पही मीच राहिले. धुरपाबाई निर्दोष आहेत." राणीनं गावोगाव दवंडी पिटवली. लोक धुरपेला घरात घेऊं लागले.

गोदा पुन्हा गेली, पुन्हा हात जोडले. धुरपेनं तिच्या तोंडावरून हात फिरवला. "दवंडी ऐकली म्यां. माझं नाव धुतलंस, पोरी. पर त्या उंबऱ्यात पाय टाकाया आता माझं मन होत न्हाई." तिनं गोदेला ताक प्यायला दिलं, वेशीपर्यंत सोबत केली नि तिथून मागं वळली.

त्यानंतर गोदेनं एकही शुक्रवार चुकवला नाही. कुड्या लखलखत, लोक वाखाणत. धुरपेची खोली मात्र रिकामीच राहिली.

देवी, गोदेला हिरा सापडला तसं हरवलेलं तुम्हां आम्हां सापडो. तिला जे उशिरा उमगलं, ते आम्हां साऱ्यांना वेळेवर उमगो. साठां उत्तरांची ही कहाणी पांचा उत्तरांत सांगितली, ऐकणारीला सुफळ होवो, सांगणारीची संपूर्ण होवो.