माळ कुणाच्या गळ्यात?

एका डोंगराच्या दोन उतारांवर पसरलेल्या जंगलात एक खार राहत असे. तिचे घर पूर्वेच्या उतारावर, ऐनाच्या झाडाच्या ढोलीत. पण ती घरात कमी आणि दुसऱ्यांच्या दारात जास्त. कुणाकडे पाहुणे आले, कुणाचे कुणाशी बिनसले, हे तिला आधी कळायचे आणि मग त्या घरच्यांना. स्वभावाने मात्र प्रेमळ. कुणी आजारी दिसले तर चौकशी करता करता दोन बिया दारात ठेवून यायची.

त्या उन्हाळ्यात जंगलात मोठा वणवा लागला. दोन्ही उतारांवरचे गवत सारखेच वाळलेले, वाराही सारखाच, आगही दोन्हीकडे सारखीच धावली. पूर्वेला नुसती पळापळ झाली. कोण कुठे गेले, कुणाचे कोण मागे राहिले, कुणाला पत्ता नाही. तेव्हा एका वानराने धुरात उड्या घेतल्या आणि हाताला लागेल त्याला उचलून बाहेर आणले. त्याची शेपटी करपली, तरी तो थांबला नाही. खार त्या वेळी दाणे आणायला गेली होती आणि तिची दोन पिल्ले ढोलीत होती. एक वानराने काढले. दुसऱ्यासाठी तो मागे वळला, तोवर ढोलीने पेट घेतला होता.

डोंगर थंड झाल्यावर जंगलाचा मुखिया असलेल्या म्हाताऱ्या गव्याने खारीला बोलावले. "या संकटात ज्याचं काम सगळ्यांत मोठं, त्याला बहाव्याच्या फुलांची माळ घालायची आहे," तो म्हणाला. "आणि माळ ज्याच्या गळ्यात, पुढच्या उन्हाळ्यात दोन्ही उतारांची राखण त्याच्या हातात. तो सांगेल तसं सगळ्यांनी वागायचं. नाहीतरी तू घरोघर डोकावतेसच. विचारून ये आणि दिवस कलला की सभेत नाव सांग."

यात विचारायचे ते काय, असे खारीला वाटले. वानराशिवाय आहे कोण? पण उद्या कुणी नावे ठेवायला नकोत, म्हणून ती पश्चिमेकडे एक चक्कर मारायला निघाली.

तिथे पोचली आणि गोंधळलीच. झाडे काळी पडली होती, गवताची राख झाली होती, म्हणजे आग इथेही आली होती. पण बिळाबिळांच्या तोंडाशी पिल्ले खेळत होती. कुणाच्या डोळ्यांत पाणी नाही, कुणाचे कुणी हरवलेले नाही. समोर एक ससा अंग खाजवत बसला होता.

"सशादादा, वणव्यातून तुम्हाला कुणी वाचवलं हो?"

"वाचवायला आम्ही अडकलो होतो कुठे? धूर दिसला, वरच्या कातळावर गेलो. उघडा दगड तो, तिथे जळणार काय?"

"पण जा म्हणून सांगितलं कुणी?"

"खारूताई, जेवताना घास तोंडातच घालायचा, हे तुम्हाला कुणी सांगतं का?"

शेजारच्या फटीतून एका घोरपडीने डोके बाहेर काढले. "मी याला हलवून उठवलं, यानं पलीकडच्या मुंगसाला. निघताना शेजारी डोकवायचं आणि शेजाऱ्याला घेतल्याशिवाय कातळावर चढायचं नाही. आमच्याकडे रीतच आहे तशी."

"अगंबाई! दुसऱ्याच्या घरात डोकवायची रीत?" खारीचा कानांवर विश्वास बसेना. तिला तर त्याच गोष्टीसाठी जन्मभर बोलणी खावी लागली होती. "ही रीत घातली कुणी?"

दोघे एकमेकांकडे बघू लागले. ससा आठवत म्हणाला, "ती साळू असेल, ती काटेवाली साळिंदर. फार वैताग आणते हो! वणवा नाही नि काही नाही, ऐन उन्हात काटे खडखडवायची आणि सगळ्यांना कातळावर पळवायची. शेजारी आणला नाही की परत खाली पाठवायची."

"मग वणव्याच्या दिवशीही तिनेच काटे वाजवले असतील."

"छे! त्या दिवशी ती नव्हतीच. बहिणीच्या बाळंतपणाला गेली होती दुसऱ्या डोंगरावर. एरवी नको तेव्हा हजर, आणि नेमकी हवी तेव्हा गायब!"

खार साळूकडे गेली. साळू आपल्या बिळाभोवतीचे जळकट गवत उपटत होती आणि पाहुणीकडे बघायलाही तयार नव्हती.

"वणव्यात तुम्ही काय केलंत, साळूबाई?"

"मी? काही नाही. मी नव्हते इथे."

"मग इथलं सगळं नीट कसं झालं?"

"झालं ना? बरं झालं. जरा सरक बघू तिकडे, तुझ्या पायाखाली गवत आहे."

दिवस कलला. सभा भरली. सगळ्यांत पुढे वानर बसला होता, शेपटीला चिखलाचा लेप लावून. खारीचे वाचलेले पिल्लू त्याच्याच मांडीवर खेळत होते. माळ हातात घेऊन खार एकदा त्याच्याकडे बघे, एकदा मागे अवघडून बसलेल्या साळूकडे. आणि मुलांनो, तिच्या तोंडून साळूचेच नाव निघाले.

एकच गलका झाला. "जी इथे नव्हतीच, तिला माळ?" कोल्हा ओरडला. "मग मलाही द्या, मीही नव्हतो!" सगळे हसले. स्वतः साळूसुद्धा म्हणाली, "पोरी, तुझी काहीतरी चूक होतेय."

"असेल चूक," खार म्हणाली. "मला नीट सांगताही येत नाही. पूर्वेला तर सगळेच म्हणतात, वानरदादांनी वाचवलं. पश्चिमेला विचारलं तर म्हणतात, कुणीच नाही. वानरदादांचे उपकार मी कातड्याचे जोडे केले तरी फिटायचे नाहीत. पण माझं एक पिल्लू आहे, एक नाही. आणि तिकडे सगळ्यांची सगळी आहेत. आग तर सारखीच होती ना?"

वानर उठला. पिल्लाला त्याने खारीजवळ ठेवले, माळ घेतली आणि सरळ साळूच्या गळ्यात घालायला गेला. माळ काट्यांत अडकली, फुले फाटली, वानराच्या बोटालाही काटा टोचला.

"साळूबाई," तो म्हणाला, "त्या ढोलीजवळ माझा हात पोचला नाही. अजून झोप लागत नाही मला. पुढच्या उन्हाळ्यात मला आगीत उडी मारायची वेळ येऊ देऊ नका. तेवढं शिकवा आम्हाला."

साळूने एकदा फाटक्या फुलांकडे पाहिले, एकदा त्याच्या करपलेल्या शेपटीकडे. शेवटी ती एवढेच म्हणाली, "उद्या सकाळी ये. आणि एकटा येऊ नकोस."

तात्पर्य : संकटात उडी घेणाऱ्याला नमस्कार करावाच, पण ज्याच्यामुळे उडी घेण्याची वेळच आली नाही, त्याला शोधून मान द्यावा, कारण त्याने काही केले हे त्याच्या शेजाऱ्यांनाही ठाऊक नसते.