सरळ केलेली पिन

“…आणि वाकलेली पिन मी पूर्ववत सरळ केली असेल, तर?”

दस्तगीर मास्तरांनी भिंगावरून डोळा उचलला नाही.

“तर ती सरळ केलेली पिन झाली,” ते म्हणाले. “सरळ पिन नव्हे.”

प्रश्नकर्ता चौबळ हा अभियंता होता. पदवी परीक्षेत तो पहिला आला होता आणि हे तो विसरत नसे, इतरांनाही विसरू देत नसे. साताऱ्याजवळच्या त्या दुरुस्तीशाळेत येऊन त्याला चार महिने झाले होते. परंतु मास्तरांनी दाबयंत्राचा दांडा त्याच्या हाती एकदाही दिला नव्हता.

त्या दुपारी मास्तर नमाजाला गेले असता त्याने तो आपणहून ओढला.

यंत्राखाली एका धरणाचे दरवाजे चालवणारा सर्किट बोर्ड होता. तो बनवणारी कंपनी कधीच बंद पडली होती. दुसरा बोर्ड मिळणार नव्हता. त्यावरचा झिजलेला कनेक्टर मास्तरांनी सकाळी काढला होता. चौबळने नवा बसवला, आणि आठांपैकी एक पिन छिद्रात न जाता बाहेर दुमडली. त्याने खालून ठोकून कनेक्टर अलगद काढला, चिमट्याने पिन सरळ केली, आणि मास्तर परतताच ती त्यांच्यापुढे धरली.

“अहो, भिंगाखालीसुद्धा ओळखू येत नाही!”

“भिंगाला कुठे छिद्रात बसायचंय?”

या जातीच्या कनेक्टरला सोल्डर लागत नाही. प्रत्येक पिनेच्या पोटाशी सुईसारखे नेढे असते. पिन दाबली की ते नेढे चेपते आणि छिद्राची भिंत घट्ट धरून राहते. चेपते ते एकदाच. चौबळला हे पाठ होते.

“बसव,” मास्तर एकदम म्हणाले.

“हाच? म्हणजे दांडा मी…”

“दांडा कशाला? अंगठ्याने बसव.”

चौबळने अंगठा टेकवला. कनेक्टर तळापर्यंत गेला. त्याचा चेहरा उजळला.

“पाहिलंत? किती सहज बसला!”

मास्तरांनी दोन बोटांच्या चिमटीत कनेक्टर धरला आणि उचलला. तो तितक्याच सहज वर आला. त्यांनी तो बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात टाकला. डबा अर्धाअधिक भरलेला होता.

“हे एवढे कोणी बिघडवले?”

“मी.”

“आपण?”

“मग काय! या खोलीतला पहिला उतावळा तूच, असं वाटलं का, इंजिनिअरसाहेब?”

चौबळचा संयम सुटला.

“मास्तर, चार महिने! बोर्डाखालची आधाराची पाटी पूस, पिना मोज, छिद्रं मोज, पुन्हा मोज! अहो, मोजदाद करायला मी पदवी घेतली नव्हती!”

“बरं. काय मोजलंस?”

“आठ पिना. आठ छिद्रं.”

“आणि ठिपके?”

…

मास्तरांची एक रीत होती. जेथून कनेक्टर काढला जाई, तेथे बोर्डाच्या कडेला ते पांढऱ्या रंगाचा एक ठिपका देत. त्यासाठी दोनच बारीक चौकटी आखलेल्या असत. छिद्र तीन कनेक्टर सोसते. चौथ्याला त्याच्या आतले तांबे सोलून निघते आणि बोर्ड कायमचा जातो.

पहिल्या चौकटीत सकाळचा ठिपका होता.

मास्तरांनी कुंचला रंगात बुडवून चौबळपुढे धरला.

“दे.”

“मी?”

“काढला कोणी? माझ्या आजोबांनी?”

चौबळने दुसरी चौकट भरली. ठिपका किंचित फिसकटला.

“तिसरा कुठे देशील?”

चौबळने बोर्डाची कड न्याहाळली. मग उलट बाजू पाहिली. मग पुन्हा कड.

“जागा नाही.”

“हं.”

मास्तरांनी खणातून नवा कनेक्टर काढून छिद्रांच्या तोंडाशी ठेवला. चौबळ दुसरे भिंग घेऊन वाकला. आठही पिना त्याने एकेक करून पाहिल्या. पुन्हा पाहिल्या. पाटी पुसलेली होती, तरी पुसली. तिसऱ्यांदा पिना पाहिल्या.

“अरे, संध्याकाळ करतोस का आता?” मास्तर करवादले.

चौबळ सरळ उभा राहिला आणि यंत्रापासून एक पाऊल मागे सरला.

“मास्तर… आपणच बसवा.”

“का? चार महिने त्याच दांड्यासाठी माझं डोकं खाल्लंस ना?”

“हात कापतोय.”

मास्तरांनी प्रथमच भिंग खाली ठेवले.

“मघाशी कापला होता?”

“…नाही.”

मास्तर उठले. त्यांनी आपले स्टूल भिंतीकडे ओढून घेतले आणि पाठ टेकून बसले.

“मग धर दांडा.”