कैतानबाबाचा दोर

चर्चची घंटा अजून चिंचेच्या फांदीला टांगलेली होती, त्या काळची ही गोष्ट. वसईच्या खाडीकाठी एक गाव होतं. गावाला गोड्या पाण्याची एकच विहीर, आणि ती खणली होती कैतानबाबानं. या म्हाताऱ्याला जमिनीला कान लावला की पाणी ऐकू यायचं, असं म्हणतात.

त्याच गावात इनास राहायचा. माणूस वाईट नव्हता हो, पण राग नाकावर. वाडीला पाणी आधी कुणी लावायचं यावरून तो सख्ख्या भावाशी, फरसूशी, भांडला आणि त्या तिरीमिरीत भर उधाणाला खाडीचा बांध फोडून आला. त्याला बुडवायची होती भावाची केळीची बाग. पण खारं पाणी कुणाचं ऐकतंय! ते थेट विहिरीत शिरलं.

बागा करपल्या. बायाबापड्या कोसभरावरून घागरी आणू लागल्या. ते बघून इनासला घास गिळवेना. शेवटी एका रविवारी चर्चच्या दारात उभं राहून त्यानं सगळं कबूल केलं. त्या दिवसापासून गावानं त्याच्याशी बोलणं टाकलं, फरसू तर त्याचं तोंडही बघेना.

विहीर कितीदा उपसली, तरी पाणी खारटच. तळाचा कातळ फोडला तर खाली गोडा झरा आहे, असं कैतानबाबा म्हणाला. नाताळच्या आदल्या दिवशी सकाळीच तो कमरेला दोर बांधून उभा राहिला. आता विहीर खणणाऱ्याची रीत अशी, की दोर द्यायचा तो मुलाच्या नाहीतर भावाच्या हातात. जीवच टांगलेला असतो ना त्याला! कैतानबाबानं गर्दीवरून नजर फिरवली आणि मागे एकटा उभा असलेल्या इनासच्या हातात दोर दिला.

गाव खवळलं. यानं सोडला तर काय, असं जो तो विचारू लागला.

कैतानबाबा म्हणाला, "देव नाही का बाळ होऊन उतरला गोठ्यात, आपल्यासारख्या पाप्यांच्या हाती? खारं पाणी काठावरून शिव्या घालून गोडं होत नाही, बाबांनो. कुणाला तरी खाली उतरावं लागतं."

आणि तो उतरला.

दुपारी कातळ फुटला. पाणी असं उसळलं की दोराला हिसका बसून इनासच्या तळव्यांची सालटी निघाली. पाय घसरत तो विहिरीच्या तोंडाशी गेला, पण दोर काही सोडला नाही. तेवढ्यात मागून कुणीतरी दोर धरला. तो फरसू होता. दोघांनी ओढलं, आणि कैतानबाबा वर आला तसं पाणीही त्याच्याबरोबर काठापर्यंत चढलं, असं म्हणतात. त्याच वेळी घंटा आपोआप वाजू लागली म्हणे.

पहिली घागर भरली. ती सगळ्यांनी कैतानबाबापुढे धरली.

"आधी इनासला पाजा," तो म्हणाला. "त्याची तहान मोठी."

रक्ताळलेल्या ओंजळीत पाणी घेऊन इनास ढसाढसा रडला. फरसूनं त्याला पोटाशी धरलं.

कैतानबाबाची विहीर आजही गोडी आहे. नाताळच्या आदल्या दिवशी गावात ज्यांचं पटत नाही, ते मिळून एकच दोर ओढतात. घागर वर आली की ज्याच्या हातून चूक झाली, त्याला आधी पाणी देतात. पहिल्या वर्षी एकटा इनास पुढे आला होता. आता घागर वर येते, तेव्हा अख्खं गाव ओंजळ धरून रांगेत उभं असतं, आणि सगळ्यात पुढे असतात फादर.