दयाळाचे गाणे आणि डोहावरचा पहारा

मुलांनो, डोंगराच्या कुशीतल्या एका जंगलात एक दयाळ पक्षी होता. अंगाने मुठीएवढा, रंगाने काळापांढरा; पण गळा असा की तो गाऊ लागला म्हणजे चरणारी हरणे मान वर करीत आणि भांडणारी माकडेसुद्धा क्षणभर भांडण विसरत. डोहाकाठच्या जांभळाच्या ढोलीत त्याचे घरटे होते आणि त्याच झाडाच्या शेंड्यावर बसून तो सकाळ-संध्याकाळ गाई. त्या वर्षी उन्हाळा कडक पडला. ओढे आटले, झरे सुकले आणि साऱ्या जंगलाला तो एकच डोह उरला. तेव्हा बिबट्याने जाहीर केले, "डोहाची राखण आता मी करीन. सर्वांनी निर्धास्त यावे, पाणी प्यावे आणि जावे." कोल्हा त्याचा कारभारी झाला.

पण डोहावर गेलेले सगळेच काही परत येईनात. एक ससा गेला, मग एक भेकर, मग कळपातली एक तरुण हरिणी. कोणी चौकशी केली की कोल्हा सांगे, "ते डोंगरापलीकडे गेले. तिकडे चारा हिरवा आहे म्हणे." दयाळाला मात्र शेंड्यावरून सारे दिसत होते. करवंदीच्या जाळीमागे दबा धरून बसलेला बिबट्या त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. तेव्हापासून त्याचे कशातच लक्ष लागेना. एका फांदीवर बसे, लगेच दुसरीवर जाई. चोचीत धरलेला किडा खाली पडला तरी त्याला भान नसे.

एके दुपारी कळपातली थोरली हरिणी जांभळाखाली आली. "दयाळदादा, माझी बहीण पाण्यावर गेली ती परत आलीच नाही. तुम्ही उंचावर असता. तुम्हाला काही दिसले का?"

दयाळ शेपटी खालीवर करीत म्हणाला, "ताई, मी गाणारा. आज कोणाविरुद्ध बोललो तर उद्या कोल्हे-तरस माझे गाणे ऐकायचे नाहीत. गाणे सगळ्यांचे असते. मला या भानगडीत ओढू नका."

"तुमचे गाणे ऐकू येते म्हणून तर आम्ही डोहावर येतो," हरिणी म्हणाली. "दयाळ गातो आहे, म्हणजे तिथे भीती नाही, असे मी स्वतः बहिणीला सांगितले होते."

हरिणी गेली आणि थोड्याच वेळात कोल्हा आला. "आज जरा लांबवर ऐकू जाईल असे गा बरे," तो हसत म्हणाला. "महाराज तुझ्यावर फार खूश आहेत."

दिवस कलला. दयाळ शेंड्यावर जाऊन बसला आणि विचारात पडला. बोलावे, तर बिबट्याला झाडावर चढता येते. गप्प राहावे, तर खाली तहानलेला कळप येतच होता. सवयीने त्याने गाण्याची पहिली लकेर घेतली. ती ऐकून हरणांची पावले भरभर पडू लागली आणि त्याच क्षणी करवंदीची जाळी हलली. दयाळाने गाणे अर्ध्यावर तोडले आणि कर्कश आवाजात तो ओरडला, "मागे फिरा! जाळीत बिबट्या आहे!"

कळप उधळला. बिबट्याने झेप घेतली, पण त्याच्या पंजात चिखलाखेरीज काही आले नाही. "तुझे काम गाण्याचे!" कोल्हा खालून किंचाळला. "कारभारात तोंड घालायला तुला सांगितले कोणी?"

"माझे गाणे तुम्ही केव्हाच कारभाराला जुंपले होते," दयाळ म्हणाला. "मला ते उशिरा कळले, एवढेच."

संतापलेला बिबट्या जांभळावर चढला आणि त्याने ढोलीतले घरटे ओरबाडून खाली फेकले. दयाळ कसाबसा निसटला. दुसऱ्या दिवसापासून कोल्हे आणि तरस म्हणू लागले, "त्याचा गळाच बिघडला आहे." काही हरणेही कुजबुजली, "उगीच घाबरवले त्याने आपल्याला." पण थोरल्या हरिणीने वानरांना झाडांवर टेहळणीला बसवले. सारे प्राणी भर उन्हात, एकजुटीने पाण्यावर येऊ लागले. बरेच दिवस उपाशी राहिल्यावर बिबट्या दुसरे रान शोधायला निघून गेला आणि कोल्हाही शेपूट घालून त्याच्या मागे गेला.

मग प्राणी दयाळाकडे आले. "आता डोहाची राखण कोणी करावी, तेही तुम्हीच सांगा."

"ते तुम्ही सगळे मिळून ठरवा," दयाळ म्हणाला. "मी जे पाहिले तेच सांगितले. त्याहून अधिक मला कळते, असे समजू नका." एवढे बोलून तो एका निष्पर्ण पळसावर जाऊन बसला आणि गाऊ लागला. मात्र पूर्वीसारखे डोळे मिटून नाही. गाता गाता तो मधेच थांबे, गवताकडे निरखून पाही आणि मगच पुढचा सूर लावी.

तात्पर्य : ज्याचा आवाज दूरवर पोहोचतो, त्याचे मौनही तितकेच दूर पोहोचते, म्हणून कलावंताने डोळ्यांदेखत होणारा अन्याय बोलून दाखवावा आणि जे ठाऊक नाही त्याविषयी मात्र जाणतेपणाचा आव आणू नये.